शिरोरेषेखालचा तोल

पाटीवर अक्षर गिरवणारे मूल आधी ‘ग’चे वळण काढते, मग काना देते आणि शेवटी डोक्यावर आडवी रेघ ओढते. मोडी लिहिणारा दप्तरातला कारकून याच्या उलट करी. तो कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ मारून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली भरभर लिहीत सुटे. क्रम कोणताही असला तरी परिणाम एकच. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आपली अक्षरे त्या रेघेला लटकलेली असतात.

रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहतात. त्यांचा ‘ए’ दोन पाय फाकून उभा असतो, ‘टी’ एका पायावर. उभ्या वस्तूचा तोल पायाशी सांभाळावा लागतो, लटकत्या वस्तूचा तोल ती जिथे अडकवली आहे तिथे. बालबोध लिपीत ही अडकवण्याची जागा दर अक्षराला बदलते. ‘ग, त, न, प, म, स’ यांचा दांडा उजवीकडे, म्हणजे सगळा भार डावीकडे. ‘क’ आणि ‘फ’ यांचा दांडा मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक हात. ‘ट, ड, द, ळ’ यांना दांडाच नाही, ती आखूड मानेने रेघेला धरून असतात. त्यावर पुन्हा मात्रा, अनुस्वार आणि रफार वरून, उकार खालून, ऱ्हस्व वेलांटी डावीकडून. ‘निर्णय’ एवढा तीन अक्षरांचा शब्द घेतला तरी पहिल्या अक्षराची कमान त्याच्या आधीच सुरू होते, दुसऱ्याच्या डोक्यावर रफार बसतो, आणि तिसऱ्याच्या वर-खाली काहीच नसते. तरीही शब्द डोळ्याला कुठे कललेला वाटत नाही. हे आपोआप झालेले नाही. शिशाच्या खिळ्यांतून तो तोल परत मिळवायला मुंबईच्या कारागिरांना एकोणिसाव्या शतकातली बरीच वर्षे लागली.

हस्तलिखिताच्या काळात हा तोल लिहिणाऱ्याच्या हातात होता आणि त्याची शिस्त स्पष्ट शब्दांत सांगणारा ग्रंथ मराठीतच आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेसाठी दिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात कागद, शाई, लेखणी आणि समास यांवर एवढे बारकाईने लिहिलेले पाहून आजचा अक्षरकारही थबकतो. काने सरळ हवेत, मात्रा नीट हव्यात, एका ओळीचा दुसऱ्या ओळीला स्पर्श होता कामा नये, वरच्या ओळीतली लांब शेपटी खालच्या मात्रेला भिडता कामा नये. पान शिशाने आखून घ्यावे आणि मगच लिहावे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत काळेपण आणि जाडी एकसारखी असावी, सगळे एकाच लेखणीने एका बैठकीत लिहिल्यासारखे दिसावे. भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षर शाबूत राहील. फार बारीक लिहू नये, कारण तरुणपणी लिहिलेले म्हातारपणी वाचवत नाही.

यातली समासाची गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. मोकळ्या कडेचे कारण रामदास टिकाऊपणाचे देतात, पण त्याच मोकळ्या कडेमुळे पोथीचे आडवे पान शांत दिसते. उपयोग आणि देखणेपणा एकाच सवयीतून निघाले. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असे, म्हणून आडवी आणि उभी रेघ भरदार येई आणि वळणे एका दिशेने जाड, दुसऱ्या दिशेने बारीक होत जात. लेखकू चुकला तर त्या जागी पिवळी हरताळ लावून वर पुन्हा लिही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. काळ्या शाईच्या ओळीत तो पिवळा डाग लगेच दिसे. म्हणून चांगल्या लेखकूची परीक्षा पानावर हरताळ किती यावरूनही होई.

लेखकूजवळ एक सोय होती, ती पुढे छापखान्याजवळ राहिली नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटीची कमान ‘क’च्या दांड्यापर्यंत ओढायची आणि ‘त्रि’ लिहिताना आखूड करायची, हे त्याचा हात न सांगता करी. ओळीच्या शेवटी जागा उरली तर अक्षरे थोडी सैल, कमी पडली तर थोडी जवळ. दर अक्षर शेजाऱ्याकडे बघून लिहिले जाई. छापखान्यातल्या खिळ्याला मात्र शेजारी कोण येणार हे आधी ठाऊक नसते.

हिंदुस्थानात छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली. तरी फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले तेव्हा त्यातल्या मराठी ओव्या रोमन अक्षरांत होत्या. मराठीचे गोडवे गाणाऱ्या या कवीला मराठी अक्षरांचे खिळे मिळाले नाहीत. कारण उघड आहे. रोमनला शंभर-सव्वाशे खिळ्यांत काम भागते. नागरीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि वर-खाली बसणाऱ्या खुणा धरून शेकडो लागतात.

खिळ्यांचा प्रश्न टाळायचा एक मार्ग होता, पानच्या पान तांब्यावर कोरण्याचा. १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे निवेदन नागरी अक्षरांत आहे, आणि ते असे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आहे. मराठी मुलखातही हे झाले. पुण्यात नाना फडणविसांच्या काळात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापायचा घाट घातला गेला आणि नानांच्या पश्चात ते काम १८०५ साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले. पत्र्यावर कोरलेले पान म्हणजे हस्तलिखिताची सावली, त्यात हाताने साधलेला तोल जसाच्या तसा उतरतो. पण त्यातले एक अक्षरही उचलून दुसऱ्या पुस्तकात वापरता येत नाही.

योगायोग असा की त्याच १८०५ साली, मिरजेपासून फार दूर, बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले आणि त्यातले मराठी शब्द सुट्या नागरी खिळ्यांनी जुळवलेले होते. हे खिळे कोरणाऱ्यांचे घराणे बंगाली. पंचानन कर्मकार याने चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली अक्षरे कोरण्याची विद्या शिकली होती, आणि ती पुढे त्याच्या जावयाकडे, मनोहरकडे गेली. केरीच्या हाताशी वैजनाथ शर्मा हे मराठी पंडित होते. १८१०चा केरीचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत छापला गेला. मराठीची पहिली सुटी अक्षरे अशी हुगळीच्या काठी घडली आणि त्यांची वळणे उत्तरेकडची होती.

मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना थाटला तेव्हा त्यांनाही सुरुवातीला कलकत्त्याकडूनच खिळे आणावे लागले. त्या काळच्या छापील पानाकडे पाहिले की अडचण कुठे होती ते दिसते. प्रत्येक खिळ्यावर अक्षराबरोबर शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो. असे खिळे शेजारी शेजारी बसवले की तुकडे जुळून अखंड रेघ व्हायला हवी. खिळा केसभर आखूड ओतला गेला, किंवा वापराने कोपरा झिजला, की रेघेत फट पडते. ज्या दोरीला सारे लटकायचे तीच जागोजागी तुटलेली. मग डोळा शब्द धरत नाही, एकेक अक्षर धरतो.

मात्रांचा पेच याहून अवघड होता. मात्रा अक्षरासकट एकाच खिळ्यावर ओतायची तर खिळ्यांची संख्या भलतीच वाढते. वेगळी ओतायची तर ती शेजारच्या अक्षरावर झुकती ठेवावी लागते, म्हणजे खिळ्याच्या अंगाबाहेर तिचा नाजूक भाग डोकावतो आणि दाबाखाली मोडतो. शिवाय वर-खाली जागा सोडायची म्हणून त्याच उंचीच्या खिळ्यावर मूळ अक्षर लहान करावे लागते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. दोन लिप्यांचे पान तोलून धरायचे म्हणजे काय, हे मराठी जुळाऱ्यांना आपल्या पहिल्याच वृत्तपत्रात शिकावे लागले. इंग्रजी ओळ सपाट, तिच्या वर फारसे काही नाही. मराठी ओळीला तीन मजले. दोन्ही स्तंभ सारख्या काळेपणाचे दिसावेत म्हटले की ओळींमधली मोकळी जागा दोघांना सारखी देऊन चालत नाही.

या सगळ्या खटाटोपाला एक पळवाट होती, शिळाछापाची. दगडावर शाईने लिहायचे आणि त्यावरून छापायचे. इथे पुन्हा लेखकूचा हात कामी येतो. मिशनच्या छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतः खटपट करून शिळाछापाचे यंत्र उभे केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’मध्ये त्यांच्या कसबाची दखल घेतली आहे. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळेही घडवले. पण पोथ्यांसाठी शिळाछाप कितीतरी वर्षे टिकून राहिला, कारण पोथी वाचणाऱ्याच्या डोळ्याला हाताच्या वळणाची सवय होती आणि खिळ्यांचे पान अजून त्या सवयीला उतरत नव्हते.

खिळ्यांचे पान तिथपर्यंत पोचले ते दोन-तीन माणसांच्या हातांनी. मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम हा तरुण पंच कोरायला लागला आणि त्याने नागरीचे आधीपेक्षा लहान, सुबक टाईप घडवले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी चौधरी हा मुंबईचा गरीब मुलगा खिळे घासायला होता. १८३९ सालचा त्याचा जन्म. ओतलेल्या खिळ्याच्या अंगावरची खरखर दगडावर घासून काढायची, हे त्याचे पहिले काम. शाळेत फारसे न शिकलेल्या या मुलाने अक्षर ओळखले ते बोटांनी, उलटे, शिशाचे. १८६४ साली त्याने स्वतःचा ओतखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतले ते नाव पुढे काशीपासून युरोपातल्या संस्कृत पंडितांपर्यंत पोचले.

जावजींच्या टाईपांमागे हात होता राणोजी रावजी आरू यांचा. पंच कोरणाऱ्याचे काम थोडे समजून घ्यायला हवे. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, खऱ्या मापात, म्हणजे कित्येकदा तांदळाच्या दाण्याएवढे. मधूनमधून ते दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर दाबून पाहायचे. मनासारखे झाले की पोलादाला पाणी द्यायचे आणि ते तांब्यावर ठोकून साचा करायचा. त्या साच्यात शिसे ओतले की खिळा. कोरताना जास्त उडालेले पोलाद परत चिकटवता येत नाही.

आणि इथे मोजपट्टी पुरत नाही. ‘ठ’चा गोल ‘प’च्या तळाइतकाच खाली आणला तर तो आखूड दिसतो, म्हणून त्याला केसभर खाली उतरू द्यावे लागते. ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ मध्ये रेघांची इतकी गर्दी असते की सगळ्या रेघा ‘र’च्या जाडीच्या ठेवल्या तर पानावर तिथे काळा ठिपका उमटतो. म्हणून त्या किंचित बारीक करायच्या, पण वाचणाऱ्याला कळू न देता. ‘ग’ आणि ‘ण’ यांचे तर दोन तुकडे. त्यांच्यामधली पोकळी दोन वेगळ्या अक्षरांमधल्या पोकळीहून कमी असली पाहिजे. ‘ख’ने या बाबतीत सर्वांत जास्त छळले. जुन्या वळणात त्याचे दोन भाग सुटे असत आणि फट जरा रुंद झाली की ‘खाना’चा ‘रवाना’ होई. इथे तोल चुकला तर शब्दाचा अर्थच बदले.

निर्णयसागरच्या पानात हे सगळे सोडवलेले दिसते. १८८६ साली सुरू झालेल्या ‘काव्यमाला’चे कुठलेही पान हातभर अंतरावर धरून डोळे किलकिले करून पाहावे. अक्षरे विरघळून जातात आणि एकसारखा करडा पट्टा उरतो. त्यात कुठे भोक नाही, कुठे डाग नाही. संस्कृतमध्ये ‘कार्त्स्न्य’सारखे शब्द येतात, एकाखाली एक व्यंजने रचावी लागतात, तरी ओळ वर उचलली जात नाही की खाली लोंबत नाही. वि. को. ओकांच्या ‘बालबोध’ मासिकातही, जे १८८१पासून इथे छापले जाई, मुलांसाठी तीच निगुती. जावजी १८९२ साली वारले आणि त्यांच्यानंतर मुलगा तुकाराम जावजी यांनी कारभार सांभाळला. पुढे प्रमाण नागरीत मुंबईकडच्या वळणाचे ‘अ, झ, ण’ स्वीकारले गेले. आज हिंदीच्या पाठ्यपुस्तकातही दिसतात ती हीच रूपे. त्या यशात मुंबईच्या टाईपांच्या प्रसाराचा मोठा वाटा आहे.

विसावे शतक घाईचे. वृत्तपत्रे रोज निघू लागली, आणि शेकडो खिळ्यांच्या केसींभोवती फिरणारा जुळारी इंग्रजी जुळाऱ्याच्या मागे पडू लागला. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत मन घातले होते. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली: ‘इ, ई, उ’ ऐवजी ‘अि, अी, अु’. किर्लोस्कर मासिकांनी ती वर्षानुवर्षे छापली. खिळे वाचले हे खरे. पण ‘इ’ आणि ‘उ’ ही दांडा नसलेली, मोकळी लटकणारी अक्षरे आहेत. ती गेली की शब्दांच्या सुरुवातीला तोच तो दांडा पुन्हा पुन्हा येतो आणि पान कुंपणासारखे दिसायला लागते. सुधारणेची बाजू कितीही पटली तरी डोळ्याला ही किंमत द्यावी लागते.

यंत्राची मागणी आणखी कडक होती. १९३०च्या दशकात अमेरिकेत हरी गोविल यांनी लायनोटाईपवर नागरी आणली. त्या यंत्राला ९० कळा, आणि त्यातले साचे एका रांगेत शेजारी शेजारी उभे राहणारे. एकावर एक रचलेली जोडाक्षरे त्यात बसणे कठीण, म्हणून व्यंजने आडवी, एकापुढे एक ठेवायची. उभी रचना मोडून आडवी झाली की ओळ लांबते आणि खालची बाजू रिकामी पडते.

१९५३ साली लखनौला झालेल्या लिपी परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचा ठराव झाला: दीर्घ वेलांटीसारखीच, फक्त काना आखूड. टंकलेखकाच्या दृष्टीने हे सोयीचे होते, कारण उच्चाराच्या क्रमाप्रमाणे खूण अक्षरानंतर येते. पण शतकानुशतके ‘ि’ने शब्दाला डावीकडून आधार दिला होता. ‘कि’ आणि ‘की’ ही एकमेकांकडे तोंड केलेली जोडी मोडली आणि दोघांत फक्त काना किती खाली उतरतो एवढाच फरक उरला. काही वर्षांतच हा बदल मागे घेण्यात आला. ‘ख’चे दोन भाग खाली जोडण्याची सूचना मात्र टिकली, आणि टिकायलाच हवी होती.

मराठी पानाचे रूप १९६२ साली आणखी एका निर्णयाने बदलले आणि त्याची चर्चा नेहमी शुद्धलेखनाच्या अंगानेच होते. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे बहुतेक अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ यांवरचे ठिपके गेले. शिरोरेषेच्या वरच्या पट्ट्यातली गर्दी एकदम विरळ झाली. १९५० सालचा आणि १९७० सालचा दिवाळी अंक शेजारी ठेवून पाहिले तर फरक लगेच जाणवतो: जुन्या पानावर रेघेच्या वर बारीक मोहरी सांडल्यासारखी दिसते.

हा सारा पसारा एकत्र बांधण्याचे काम बापूराव नाईक यांनी केले. शासकीय मुद्रणालयांचा कारभार पाहिलेल्या या माणसाने ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९७१ साली भाषा संचालनालयाने काढला. त्याआधी १९५८ साली अ. का. प्रियोळकरांचा हिंदुस्थानातल्या छापखान्याचा इतिहास आला होता. या दोन मराठी माणसांनी जमवलेल्या नोंदींशिवाय आज नागरी टाईपांचा अभ्यास सुरूच करता येत नाही.

पुढे संगणकाच्या काळात अक्षरकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत. विद्यार्थ्यांना त्यांनी पुन्हा बोरूकडे नेले. त्यांनीच घडवलेला ‘मंगल’ हा टाईप विंडोज २०००बरोबर आला आणि नागरी लिहिणाऱ्या असंख्य लोकांच्या पडद्यावर पोचला. आता खिळ्याचे अंग उरले नव्हते. मात्रा हवी तशी झुकवता येत होती, ‘कि’ची कमान शेजारच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांब-आखूड निवडता येत होती. लेखकूच्या हाताची जी सोय शिशाने काढून घेतली होती ती संगणकाने निदान शक्य कोटीत परत आणली. २००९ साली महाराष्ट्र शासनाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची स्वतःची वळणे प्रमाण ठरवली. पाकळीचा ‘ल’ मधोमध लटकतो, दांड्याचा ‘ल’ उजव्या बाजूला टेकतो. म्हणून शासकीय पत्रात आणि हिंदीच्या सवयीने बनवलेल्या टाईपात एकच मराठी वाक्य वेगवेगळ्या लयीत चालताना दिसते.

ओळीला ओळ भिडू नये ही रामदासांनी घातलेली अट मात्र अजून रोज मोडते आहे. मोबाईलवरच्या पुष्कळ ॲपमध्ये बटणाची उंची इंग्रजी शब्दावरून ठरवलेली असते. तिथे ‘नोंदणी’चा अनुस्वार वरच्या कडेला जाऊन चिकटतो, ‘सूची’चा उकार खालून कापला जातो, आणि दोन ओळी आल्या तर खालच्या ओळीतला रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसतो.